मोत्सार्टचा नववा पियानो कॉन्चेर्टो कसा ऐकावा: पियानो कधी बोलतो, कधी थांबतो

ख्याल, नाट्यसंगीत, भजन ऐकत वाढलेला माणूस पहिल्यांदा पाश्चात्त्य शास्त्रीय रचना लावतो, तेव्हा त्याला सूर आवडतात, पण धरायला काही सापडत नाही. सम कुठे आहे ते कळत नाही. मुखडा कधी परत आला तेही लक्षात येत नाही. दहा मिनिटांत मन भरकटतं आणि ‘छान आहे, पण आपल्याला कळत नाही’ असं म्हणून तो विषय संपतो. मीही अनेक वर्षं तिथेच होतो. मला बाहेर काढलं ते एका रचनेनं आणि एका प्रश्नानं. रचना म्हणजे मोत्सार्टचा नववा पियानो कॉन्चेर्टो. कॉन्चेर्टो म्हणजे एक एकल वादक आणि वाद्यवृंद यांनी मिळून वाजवायची रचना. प्रश्न असा: पियानो आत्ता का बोलला? तो धरून ठेवला तर साधारण अर्ध्या तासाची ही रचना पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत हात धरून नेते. ती कशी ऐकायची ते इथे क्रमानं सांगतो.

आधी थोडी ओळख

ही रचना जानेवारी १७७७ मधली, आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गची. मोत्सार्टचा जन्म २७ जानेवारी १७५६ चा, म्हणजे तो तेव्हा एकविशीच्या उंबरठ्यावर होता. तिथला शासक असलेल्या आर्चबिशप कोलोरेडोच्या दरबारी संगीतकार म्हणून नोकरी करत होता आणि तिथे घुसमटत होता. त्याच वर्षी सप्टेंबरात तो नोकरी सोडून आईबरोबर प्रवासाला निघाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये एका खासगी मैफलीत त्यानं जे कॉन्चेर्टो वाजवले, त्यांत हा होता.

‘नववा’ या आकड्यानं फसू नका. पहिले चार त्यानं १७६७ मध्ये, अकराव्या वर्षी, दुसऱ्या संगीतकारांच्या सोनाटांवरून, म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीच्या रचनांवरून, बेतले होते. स्वतःचा म्हणावा असा पहिला कॉन्चेर्टो १७७३ च्या डिसेंबरमधला. त्यानंतर १७७६ मध्ये तीन आले, त्यांतला एक तर तीन पियानोंसाठी. त्या हिशेबानं हा त्याचा पाचवाच. आधीचे चारही देखणे आहेत, पण इथे मात्र मोत्सार्ट एकदम मोठा होतो. संगीताचे अभ्यासक आल्फ्रेड आइनस्टाइन यांनी या रचनेची तुलना बेथोव्हेनला असंच एकदम मोठं करणाऱ्या त्याच्या ‘एरोइका’ सिंफनीशी केली होती, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

अनेक ध्वनिमुद्रणांवर या रचनेचं नाव ‘जनोम’ असं दिसेल. ते चुकीचं आहे, आणि त्यामागची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. ही रचना ज्या वादक बाईंसाठी झाली, त्यांचा मोत्सार्ट पत्रांतून उल्लेख करतो, पण त्यांचं नाव तो जसं कानावर पडेल तसं लिहायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन फ्रेंच अभ्यासकांनी त्यावरून ‘मादमोआझेल जनोम’ नावाची एक वादक कल्पिली आणि ते नाव चिकटलं. पुढे जवळजवळ शतकभर कोणालाच ही बाई सापडली नाही, कारण ती नव्हतीच. २००४ च्या सुमारास व्हिएन्नातले अभ्यासक मिखाएल लोरेन्झ यांनी दाखवून दिलं की ही व्हिक्त्वार जेनामी, म्हणजे जाँ-जॉर्ज नोव्हेर या ख्यातनाम नृत्यगुरूंची मुलगी. हे तेच नोव्हेर, ज्यांच्या जन्मदिवशी, २९ एप्रिलला, जगभर नृत्यदिन साजरा होतो. रचना ज्यांच्यासाठी झाली त्या पियानोवादक बाईंना त्यांचं खरं नाव इतक्या उशिरा परत मिळालं. म्हणून नव्या मुद्रणांवर ‘जेनामी’ लिहिलेलं दिसलं की मला फार बरं वाटतं.

मुद्रण निवडताना

शोधताना ‘मोझार्ट पियानो कॉन्चेर्टो ९’ किंवा ‘के २७१’ असं टाका. हा ‘के’ म्हणजे केशेल. लुडविग फोन केशेल यांनी १८६२ मध्ये मोत्सार्टच्या रचनांची क्रमवार सूची केली. तिच्यातला आकडा दिसला की रचना हीच, याची खात्री होते.

पहिल्या ऐकण्यासाठी आजच्या पियानोवरचं मुद्रण घ्या. मित्सुको उचिदा यांनी जेफ्री टेट यांच्या संचालनाखाली वाजवलेलं माझ्या विशेष आवडीचं आहे, मरे पेराइया यांचंही. आल्फ्रेड ब्रेंडल यांनी ही रचना एकाहून अधिक वेळा मुद्रित केली आहे. त्यांतलं मिळेल ते घ्या. यांतलं कुठलंही एक पुरे. तीन-चार एकदम लावू नका, कान गोंधळतो.

दोन गोष्टींची काळजी घ्या. तिन्ही भाग सलग असलेलं मुद्रण हवं. ‘झोपण्यापूर्वीचं संगीत’ अशा याद्यांमध्ये मधला भाग सुटा टाकलेला असतो, तो घेऊ नका. दुसरं, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. यात खालच्या पट्टीतल्या व्हायोलिन आणि चेलोंना महत्त्व आहे आणि मोबाइल नेमकं तेच गिळतो. साधा हेडफोन चालेल.

वाद्यवृंद लहान आहे: दोन ओबो (सनईच्या जातीचं वाद्य), दोन हॉर्न (पितळी फुंकवाद्य) आणि तंतुवाद्यं. बासरी नाही, क्लॅरिनेट नाही, ट्रम्पेट नाही, नगारे नाहीत. त्यामुळे कोण काय बोलतंय ते नवख्या कानालाही वेगळं ऐकू येतं.

पेटी असेल तर पाच मिनिटं काढा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती, पण तिचा उपयोग फार झाला. घरात पेटी असेल तर काळी दोनचा सा धरा. रचनेचा मूळ सूर तोच. त्या सा पासून शुद्ध स्वरांचं सप्तक वर-खाली वाजवा. पहिला आणि तिसरा भाग या घरात राहतो.

आता त्याच सप्तकातल्या धैवतावर, म्हणजे पांढरी एकवर या. तिलाच सा माना आणि कोमल गंधार, कोमल धैवत घेऊन वाजवा. सगळा उजेड बदलतो. मधला भाग या दुसऱ्या घरात आहे. शेवटी काळी चार, म्हणजे मूळ सप्तकाचा मध्यम, सा म्हणून धरून पाहा. तिसऱ्या भागाच्या मध्यावर एक जागा येते ती इथली.

याच्यात राग शोधू नका. चलन, वादी-संवादी असं इथे काही नाही. फक्त सा कुठे सरकतो याकडे लक्ष द्या. आपल्याकडे एका मैफलीच्या तुकड्यात सा हलत नाही, तानपुरा तो धरून असतो. इथे सा प्रवास करतो आणि घरी परततो. आपल्या कानाला हे सवयीचं नाही, आणि ते आधीच माहीत असलं की भांबावून जायला होत नाही.

पहिला भाग: मध्येच बोलणारा पियानो

त्या काळची रीत अशी होती: आधी वाद्यवृंद एकटा मिनिट-दोन मिनिटं सगळे मुख्य विषय मांडणार. एकल वादक तोवर शांत बसणार. मग अदबीनं त्याचा प्रवेश. प्रमुख पाहुणे यायच्या आधी प्रास्ताविक होतं तसं.

मोत्सार्ट ही रीत पहिल्या काही सेकंदांतच मोडतो. वाद्यवृंद एका सुरात, ठासून, सा-ग-प या स्वरांवर उभी असलेली ललकारी देतो. ती पुरी होते ना होते तोच, दुसऱ्याच बारमध्ये (बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखा तालाचा एक लहान खंड), पियानो नाजूक आवाजात तिला उत्तर देतो. वाद्यवृंद पुन्हा तीच ललकारी देतो, पियानो पुन्हा तेच उत्तर देतो. आणि मग पियानो गप्प होतो.

इथे मुद्रण थांबवा आणि ही पंधरा-वीस सेकंदं चार वेळा ऐका. आपल्या कानाला सवाल-जवाब नवा नाही, म्हणून यातलं धाडस पटकन जाणवत नाही. पण १७७७ च्या श्रोत्यांना हे फार अनपेक्षित होतं. पुढे बेथोव्हेननं चौथ्या कॉन्चेर्टोची सुरुवात थेट पियानोनं केली, तो १८०८ मध्ये व्हिएन्नात जाहीरपणे वाजला. म्हणजे मध्ये तीस वर्षं गेली. खुद्द मोत्सार्टनंही पुढच्या कॉन्चेर्टोंत अशी सुरुवात पुन्हा केली नाही.

आता पुढे चला. वाद्यवृंद एकटा आपले विषय मांडत जातो. साधारण दीड मिनिट उलटलं की कान टवकारा. व्हायोलिनांचं बोलणं अजून संपायचं आहे, आणि वर कुठेतरी पियानोचा एक लांब, थरथरता सूर सुरू होतो. दोन शेजारच्या पट्ट्या भराभर आलटून-पालटून वाजवल्या की हा ‘ट्रिल’ निघतो. पियानो दाराबाहेर उभा राहून हळूच आत येतोय, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. पहिल्यांदा तो वाद्यवृंदाचं वाक्य तोडत आला होता, आता त्याचं बोलणं चालू असतानाच मिसळतो. एकाच पात्राचे हे दोन प्रवेश. व्हिक्त्वार जेनामी किती ताकदीची वादक असेल याचा अंदाज मला जलद तानांपेक्षा या दोन जागांवरून येतो, कारण दोन्हीकडे बोटांपेक्षा भान जास्त लागतं.

यानंतरची पाच-सहा मिनिटं मोकळेपणानं ऐका, फक्त ललकारीवर लक्ष ठेवा. ती कुठे कुठे डोकावते, आणि कोणाच्या तोंडी? मधल्या टप्प्यात तिचे तुकडे वेगवेगळ्या सुरांवर फिरतात. नंतर सुरुवात पूर्णपणे परत येते, आणि तेव्हा सवाल कोण करतंय आणि जवाब कोण देतंय ते नीट ऐका. भूमिका बदललेल्या असतात.

भागाच्या शेवटाकडे वाद्यवृंद एका स्वरसमूहावर थांबतो आणि पियानो एकटा वाजवू लागतो. हे ‘कॅडेन्झा’. ते संपलं की वाद्यवृंदानं समारोप करायचा आणि पियानोनं हात मांडीवर ठेवायचे, ही दुसरी रीत. इथे पाहा काय होतं: तोच लांब ट्रिल परत येतो आणि पियानो शेवटपर्यंत सोबत राहतो. सुरुवातीला ज्यानं वेळेआधी तोंड उघडलं, त्याला आता शेवटीही गप्प बसवत नाही.

दुसरा भाग: इथे घाई नको

या भागासाठी संध्याकाळ निवडा, घरात आवाज नसेल अशी. बारा मिनिटांच्या आसपासचा हा भाग सगळ्या रचनेचं काळीज आहे. मोत्सार्टच्या स्वतःच्या कॉन्चेर्टोंमध्ये कोमल स्वरांच्या घरात, पाश्चात्त्य भाषेत ‘मायनर’मध्ये, अख्खा भाग बांधला गेला तो इथे पहिल्यांदा.

व्हायोलिनांच्या घोडीवर लहानसा चिमटा बसवलेला असतो, त्यानं आवाज दबका, आतल्या आत राहणारा होतो. सुरुवातीला व्हायोलिनांचा एक गट खालच्या पट्टीत एक ओळ सुरू करतो आणि दुसरा गट पाठोपाठ तीच ओळ उचलतो. दोन आवाज एकमेकांच्या मागे चाललेत, पण गाठ पडत नाही. पहिल्यांदा फक्त हे ऐका, बाकी काही नको.

मग ही मांडणी संपताना एक वाक्य येतं, गाणं आणि बोलणं यांच्या मधलं. इटालियन ऑपेरात पद सुरू होण्याआधी पात्र असं सुरात बोलतं. कीर्तनात बुवा पदाकडे वळण्याआधी बोलता बोलता सूर धरतात, ती जागा आठवा. शब्द नाहीत, पण कोणीतरी काहीतरी सांगतंय हे स्पष्ट ऐकू येतं. हे वाक्य लक्षात ठेवा, गुणगुणता येईपर्यंत ऐका. भागभर ते परत परत येणार आहे आणि शेवटचा शब्द त्याचाच आहे.

यानंतर वाद्यवृंद सुरुवातीची ओळ पुन्हा वाजवू लागतो आणि पियानोचा प्रवेश होतो. तो ती ओळ उचलत नाही. तिच्यावर स्वतःची वेगळी ओळ गातो. म्हणजे आता एकाच वेळी दोन वेगळी मनं बोलतायत. पहिल्या भागात पियानो वाद्यवृंदाला उत्तर देत होता, इथे तो त्याच्या शेजारी बसून आपलं दुःख वेगळं सांगतो. माझ्या मते सगळ्या रचनेतली सर्वांत मोठी जागा ही आहे. ती ओलांडून पुढे जायची घाई करू नका.

मध्ये उजेड येतो. पियानो शुद्ध स्वरांच्या मूळ घरात, काळी दोनच्या सा वर जातो आणि तिथे एक हळुवार, निवलेली चाल गातो. आता वाटतं की दुःख सरलं. पण भागाच्या उत्तरार्धात तीच चाल परत येते तेव्हा ती कोमल स्वरांत आलेली असते. चालीचा सांगाडा तोच, पण जे समाधान होतं त्याचं आता आठवणीत रूपांतर झालेलं. पेटीवरचा तो धैवताचा प्रयोग केला असेल तर हा बदल तुम्हाला अंगावर जाणवेल. या दोन जागांच्या वेळा मुद्रणावर बघून कागदावर लिहा आणि दोन्ही पाठोपाठ ऐका.

तिसरा भाग: धावणं, आणि मध्येच एक नाच

इथे पियानो एकटाच सुटतो, भरधाव. वाद्यवृंद नंतर येऊन मिळतो. रचनेचा साचा ‘रोंडो’चा, आणि तो आपल्याला समजावून सांगायची गरजच नाही: ध्रुवपद, कडवं, ध्रुवपद, कडवं. अभंगात कडव्याच्या शेवटी ध्रुवपदावर यावं तशी ही पहिली धावती चाल परत येत राहते. ती आली की बोट उचला. एवढाच अभ्यास.

मध्यावर मात्र धावणं अचानक थांबतं. ताल बदलतो, तीन मात्रांचा होतो, आणि काळी चारच्या सा वर पियानो एक संथ मिन्युएट सुरू करतो. हा तेव्हाचा दरबारी जोडनाच. पियानो एक तुकडा वाजवतो, मग तोच नटवून वाजवतो, आणि खाली तंतुवाद्यं गजाऐवजी बोटांनी तारा छेडत साथ करतात. जलद शेवटाच्या पोटात हा नाच का? जिच्यासाठी ही रचना झाली तिचे वडील नृत्यगुरू होते, म्हणून हा त्यांना केलेला नमस्कार असावा, असं म्हणायचा मोह होतो. मला तो मोह आवडतो. पण वडिलांचं नाव बाजूला ठेवलं तरी ही जागा उभी राहते, कारण दुसऱ्या भागातलं दुःख इथे निवलेलं, सभ्य कपडे घालून परत आल्यासारखं वाटतं. मग पियानो एक छोटी स्वैर लकेर घेतो आणि पुन्हा धावत सुटतो.

उपजेची जागा

कॅडेन्झा आणि या लहान लकेरी मुळात वादकानं तिथल्या तिथे सुचून वाजवायच्या. आपण ज्याला उपज म्हणतो तीच. १७८३ च्या जानेवारीत व्हिएन्नाहून वडिलांना लिहिताना मोत्सार्ट या रोंडोतल्या लकेरींबद्दल सांगतो की हा कॉन्चेर्टो वाजवताना त्या क्षणी जे सुचेल तेच मी वाजवतो. तरी बहिणीसाठी, नानेर्लसाठी, त्यानं त्या लिहून पाठवल्या. पहिल्या दोन भागांसाठी त्याच्या हातच्या कॅडेन्झांचे दोन वेगवेगळे संच आज उपलब्ध आहेत. बहुतेक वादक त्यांतलाच एक वाजवतात. रॉबर्ट लेव्हिन यांच्यासारखे वादक मात्र मोत्सार्टच्या रीतीनं ऐन वेळी स्वतः रचून वाजवतात.

म्हणून पुढची पायरी ही: क्रिस्टोफर हॉगवूड यांच्याबरोबरचं लेव्हिन यांचं मुद्रण लावा, किंवा जॉन इलियट गार्डिनर यांच्याबरोबरचं माल्कम बिल्सन यांचं. दोघेही ‘फोर्टेपियानो’वर, म्हणजे मोत्सार्टच्या काळच्या घडणीच्या पियानोवर वाजवतात. लाकडी सांगाडा, चामडं लावलेल्या हलक्या हातोड्या, आजच्या ८८ ऐवजी साधारण ६१ पट्ट्या. सूर लवकर विरतो. पहिल्यांदा तो आवाज किरकोळ वाटेल, पण सुरुवातीचा सवाल-जवाब या वाद्यावर ऐकाच. वाद्यवृंदापुढे हा पियानो खरोखर लहान आहे, आणि त्या लहान आवाजानं मध्येच बोलायचं धैर्य केलंय, हे आजच्या भल्यामोठ्या पियानोवर इतकं कळत नाही.

पुढे कुठे जायचं

स्वरलिपी वाचता येत असेल, किंवा गोव्यातल्या एखाद्या घरात अजूनही असते तशी ती वाचणारी मावशी-काका जवळ असतील, तर मोत्सार्टच्या रचनांची अधिकृत आवृत्ती साल्झबुर्गच्या मोत्सार्टेउम प्रतिष्ठाननं इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. सगळं वाचायचा हट्ट नको. पियानोच्या ओळीत कुठे विराम आहेत एवढंच बोटानं पाहत जा. पियानोच्या ओळीतली ती रिकामी जागाच या रचनेबद्दल बरंच सांगते.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम होतात, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर नजर ठेवा. भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. या रचनेत दुसऱ्या भागानंतरची ती शांतता तुम्हालाही मोडावीशी वाटणार नाही.

आणि ही रचना अंगवळणी पडली की मोत्सार्टचाच १७८५ चा के ४८२ लावा. तोही काळी दोनचाच. त्याच्या कॉन्चेर्टोंत क्लॅरिनेट पहिल्यांदा आला तो इथे. थेट तिसऱ्या भागावर जा. धावती चाल सुरू होईल, ध्रुवपद परत येईल, आणि मध्यावर धावणं थांबून एक संथ, गाता तुकडा येईल. त्या आधी पेटीवर काळी चार दाबून ठेवा.